पाण्याचा रकाना

रामटेके काका कुठल्याही घरात, ऑफिसात किंवा मंगल कार्यालयात शिरले की आधी विजेचं मीटर शोधायचे. माणसं नंतर. लग्नाला गेले की नवरा-नवरीला भेटण्याआधी ते जिन्याखाली वाकलेले दिसायचे. हातात बोटभर लांबीची टॉर्च आणि डोळे मीटरच्या काचेला चिकटलेले. मग कंबरेवर हात ठेवून सरळ व्हायचे आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला सांगायचे, "लोड जास्त होऊन राहिला. आइस्क्रीमच्या फ्रीजरचं पाहा." आमच्या ऑफिसातल्या एका लग्नात ऐन पंगतीत खरोखरच वीज गेली. अंधारात आरडाओरडा सुरू झाला आणि काका शांतपणे वरणभात कालवत बसले. "मी सांगतलं होतं" हे वाक्य त्यांनी तेव्हाही उच्चारलं नाही. कधीच उच्चारायचे नाहीत. एकदा सांगायचं आणि गप्प बसायचं, हा त्यांचा स्वभाव होता आणि तो मला पुढे चांगलाच भोवला.

एकतीस वर्षं मीटर रीडर म्हणून त्यांनी नागपूर पालथं घातलं होतं. आधी सायकलवर, मग स्कूटरवर. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून ते आमच्या बियाण्यांच्या कंपनीत बाहेरच्या कामाला लागले. टपाल पोचवायचं, बँकेत जायचं, कुणाच्या सह्या आणायच्या. मी त्यांना जेमतेम तीन वर्षं ओळखत होते. आता ते नाहीत. मला त्यांची जन्मतारीखसुद्धा माहीत नाही, त्यामुळे चरित्र वगैरे लिहिण्याची माझी लायकी नाही. मात्र या शहरात मला घर मिळालं ते त्यांच्यामुळे. त्याआधी एक घर मिळालं होतं ते मात्र सर्वस्वी माझ्या हुशारीमुळे.

मी मूळची मिरजेची. माझी नागपूरला बदली झाली ती एप्रिलच्या अखेरीस, यावरूनच कंपनीत माझं वजन किती होतं ते कळावं. वय एकतीस, लग्न नाही, सामान दोन बॅगा आणि एक इंडक्शनची शेगडी. निघताना मी आईला मोठ्या रुबाबात सांगितलं होतं की तीन महिन्यांत मनासारखं घर मिळालं नाही तर बदली रद्द करून परत येते. आई "बरं" म्हणाली. माझ्या दादाने मात्र तिथल्या तिथे मोबाईलमध्ये तीन महिन्यांनंतरचा गजर लावला. मी परत येणार याबद्दल त्याची इतकी खात्री होती की त्याने माझ्या खोलीत स्वतःची व्यायामाची सायकलसुद्धा ठेवली नाही. ती खोली तशीच माझी वाट पाहत होती आणि मला काहीही करून तिला वाट पाहायला लावायचं होतं.

म्हणून मी एक्सेल शीट केली. मी अतिशय पद्धतशीर आहे. ज्यांना माणसं कळत नाहीत ते बहुधा पद्धतशीर असतात. ऑफिसातल्या लोकांना विचारून अकरा वस्त्या निवडल्या आणि नऊ रकाने आखले: ऑफिसपासूनचं अंतर, बाजार, इंटरनेट, रात्रीचे दिवे, दवाखाना असं बरंच काही. शेवटचा रकाना होता 'वातावरण'. त्यात काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं, पण रकाना सुंदर दिसत होता.

कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये राहून आठवडा झाला होता. दुपारी शीट छापून टेबलावर पसरली होती तेवढ्यात काका टपाल द्यायला आले. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, पॅंटच्या खिशात कांदा. उन्हाळा लागला की कांदा त्यांच्या खिशात मुक्कामाला असायचा, ऊन लागू नये म्हणून. वर ट्यूबलाइट लख्ख चालू असताना त्यांनी टॉर्च काढली आणि माझी शीट डावीकडून उजवीकडे वाचली.

"मॅडम, याच्यात पाण्याचा रकाना नाई."

"आहे की काका. हा बघा, पाणीपुरवठा."

"नळाचं नाई वं. पेल्याचं." त्यांनी टॉर्च विझवली. "मोहल्ला पाहाचा असंल तर दुपारी एक ते तीन जाचं. घंटी वाजवाची अन् प्याले पाणी मागाचं. सकाळी सगळेच चांगले राहतात. झोपमोड झाल्यावर माणूस बरोबर वाचता येते."

मला हे भलतंच आवडलं. किती साधं, किती गोड, किती नागपुरी! मी ताबडतोब दहावा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'पाणी (दहापैकी)'. काकांनी ते पाहिलं आणि टपाल टेबलावर ठेवलं. बहुधा त्यांनी मला तेव्हाच वाचलं असावं.

पुढचे तीन शनिवार त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी नागपूर पाहिलं. पाहिलं म्हणजे स्कार्फच्या फटीतून जेवढं दिसलं तेवढं. डांबर मऊ झालेलं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही आणि आम्ही दोघं खिशात एकेक कांदा घेऊन अनोळखी घंट्या वाजवत फिरतोय. माझ्या कांद्याचा वास पुढे सहा महिने त्या पर्समधून गेला नाही.

प्रत्येक दारात काकांची एक ठरलेली पद्धत होती. दार उघडलं की दोन पावलं मागे सरायचं, दुपट्टा तोंडावरून खाली घ्यायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "उत्तम सीताराम रामटेके. पाणी भेटंल का?" आधी पूर्ण नाव, मग पाणी. ऑफिसातसुद्धा ते असंच करायचे. माठ त्यांच्या हाताशी असला तरी नवीन माणूस जवळ असेल तर आधी पूर्ण नाव. पोरं त्यांची नक्कल करायची. मीही केली आहे. मला वाटायचं सरकारी नोकरीतली सवय असेल, हजेरी देण्याची.

एका नव्या, सतरा मजली इमारतीत आम्हाला वॉचमनने अडवलं. रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं, इंटरकॉमवरून चार फ्लॅटमध्ये विचारलं, चारही जणांनी नाही सांगितलं. शेवटी त्या बिचाऱ्यालाच आमची दया आली आणि त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मी खूश होऊन सात गुण लिहायला लागले.

"वॉचमन इथं राहत नाई वं," काका म्हणाले. "तो कामठीहून येते. त्याचे मार्क कामठीले दे."

दुसऱ्या एका वस्तीत दाराच्या कॅमेऱ्यातून आवाज आला, "काय विकून राहिले?" काकांनी कॅमेऱ्याला पूर्ण नाव सांगितलं. कॅमेरा गप्प झाला. शून्य.

महाल भागात आम्ही एका अरुंद गल्लीतल्या दुमजली घरासमोर थांबलो. खाली साडीला फॉल-पिको करून मिळेल अशी पाटी आणि शिलाई मशीनमागे साठीच्या एक बाई बसलेल्या. त्या गिरजाबाई पराते. त्यांची वरची खोली रिकामी होती. काकांनी आधी जिन्याखालचं मीटर पाहिलं, मग नाव सांगून पाणी मागितलं. गिरजाबाईंनी मशीन न थांबवता मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठली, कोणाची, काय करते, लग्न काहून नाही केलं, करणार आहे का, स्वैपाक येते का, आई कशी आहे, भाऊ काय करते, केस काहून कापले, हे काका कोण, यांचं बीपी किती. मी मोजले, अकरा प्रश्न. मग त्या उठल्या, माठातून पितळी पेला भरून काकांना दिला. काका तोंड लावून घटाघटा प्यायले. गिरजाबाईंनी तोच पेला खळबळून पुन्हा भरला आणि माझ्या हातात दिला.

मी ओठ न टेकवता वरून चार थेंब ओतून घेतले. बाहेर आल्यावर शीटमध्ये नोंद केली: 'फार चौकशा. दोघांना एकच पेला, अस्वच्छ. तीन.'

काका स्कूटर सुरू करत होते. त्यांनी टॉर्च न लावताही ती नोंद वाचली असावी, कारण त्या दिवशी किक तीन वेळा चुकली.

आणि मग ते घर सापडलं. वस्तीचं नाव सांगत नाही. रुंद रस्ते, गुलमोहर, लायब्ररी, सकाळी फिरायला जाणारी पांढऱ्या बुटांतली माणसं. घरमालकीणबाई साठीच्या, निवृत्त शिक्षिका, सोज्वळ. मी नाव-आडनाव सांगितलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. हे मला प्रत्येक घरी जाणवलं होतं. एकटी मुलगी म्हटल्यावर आक्रसलेले चेहरे माझं आडनाव ऐकलं की सैल व्हायचे. मी आरशात बघून निष्कर्ष काढला होता की माझ्या चेहऱ्यात काहीतरी विश्वासार्ह आहे.

त्यांनी मला आत पंख्याखाली बसवलं आणि काचेच्या ग्लासात वाळ्याचं सरबत दिलं. काका फाटकाशीच उभे होते. तिथून त्यांचा आवाज आला, "उत्तम सीताराम रामटेके. पाणी भेटंल का?"

"हो, हो. थांबा हं तिथेच," म्हणत बाईंनी फ्रीजमधून पाण्याची बंद बाटली काढली आणि फाटकावरून त्यांच्या हातात दिली. "बाटली परत नको हं."

विकतच्या पाण्याची, बंद, थंडगार बाटली! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. परत आले तेव्हा काका फाटकाजवळच्या सुकलेल्या मोगऱ्याच्या कुंडीत ती बाटली हळूहळू, थेंबन् थेंब रिकामी करत होते. पंचेचाळीस अंशांचं ऊन होतं आणि त्यांच्या ओठांवर कोरडी साय आली होती. मला वाटलं, किती झाडांचं वेड या माणसाला! मी लिहिलं, 'बंद बाटली, थंड. दहा.'

"काका, कसं वाटलं घर?"

"मीटर बरोबर चालू हाये," ते म्हणाले. "तुले पसंत हाये ना?"

"खूप."

"मंग झालं."

मी राहायला गेले. दादाला खोलीचे, गॅलरीचे आणि गुलमोहराचे फोटो पाठवले. आईला म्हटलं, इथली माणसं फार चांगली आहेत. आणि ती माझ्याशी चांगलीच होती, हे मी आजही नाकारणार नाही. बाई दर गुरुवारी साबुदाण्याची खिचडी वर पाठवायच्या. फक्त एकच गोष्ट जमत नव्हती. मी काकांना चहाला बोलवत होते आणि ते येत नव्हते. एकदा म्हणाले, स्कूटर पंक्चर. एकदा म्हणाले, नातीचा पेपर. तिसऱ्यांदा काहीच कारण न सांगता म्हणाले, "येईन ना वं, घाई काय हाये." मला थोडा रागच आला. एवढं घर दाखवलं यांनी, आणि यायला काय होतं?

जूनच्या मध्यावर मला ऊन लागलं. खिशात कांदा ठेवणं मी तोवर अडाणीपणात जमा केलं होतं. ताप, उलट्या, डोकं उचलवेना. ऑफिसला कळवून झोपून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी खालून तो ओळखीचा आवाज आला.

"उत्तम सीताराम रामटेके. मॅडमले डबा द्याचा होता."

या वेळी त्यांनी पाणी मागितलं नाही.

"इथेच ठेवा," घरमालकीणबाई म्हणाल्या. "फाटकाच्या खांबावर. मी बघते."

मी भिंतीला धरत गॅलरीत आले. काकांनी स्टीलचा डबा खांबावर ठेवला, झाकण घट्ट आहे का ते दाबून पाहिलं आणि वर बघितलं. मी दिसले. त्यांनी हात वर केला. "आराम कर वं," म्हणाले आणि गेले. वळून पाहिलं नाही, घाईही केली नाही.

थोड्या वेळाने बाई वर आल्या. माझ्या कपाळावर हात ठेवला. मऊ होता त्यांचा हात. मग म्हणाल्या, "तो डबा मी घरात आणला नाही हं. तुम्हाला हवाच असेल तर बाहेरच उघडा. तुम्ही बाहेरगावच्या, तुम्हाला इकडची आडनावं कळत नाहीत, म्हणून सांगून राहिले. आमच्याकडे चालत नाही. राग नका मानू."

मी काय बोलले ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, "बरं."

एकतीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली, स्वतःला पुढारलेली समजणारी बाई, आणि तिच्या तोंडून निघालेला सगळा निषेध एवढाच होता. ताप होता हे खरं. पण ताप नसता तरी मी वेगळं काही बोलले असते याची मला खात्री नाही.

त्या गेल्यावर मी खाली उतरले. डबा उन्हात इतका तापला होता की ओढणीने धरावा लागला. आत काकूंनी केलेलं कैरीचं पन्हं होतं, आता कोमट झालेलं, आणि वरच्या झाकणात एक सोललेला कांदा. मी तिथेच मोगऱ्याजवळ उकिडवं बसून सगळं पन्हं प्यायले आणि रडले. मग वर जाऊन शीट काढली. 'दोघांना एकच पेला, अस्वच्छ. तीन.' 'बंद बाटली, थंड. दहा.' सगळं माझ्याच अक्षरात होतं. शहर मला उत्तर सांगत होतं आणि मी त्याला स्वच्छतेचे मार्क देत होते. अकरा नावं वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. काका राहत होते तो इंदोऱ्याकडचा शहराचा अख्खा उत्तर भाग माझ्या यादीत नव्हताच. मला कुणी सुचवला नव्हता आणि मी विचारला नव्हता.

चार दिवसांनी ऑफिसात डबा परत दिला. तो घासून आत मी पेढे भरले होते. दुसरं काही सुचलं नाही.

"काका, तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"हाव."

"मग मला सांगितलं का नाही?"

"काहून सांगू?" त्यांनी एक पेढा तोंडात टाकला. "घर तुले पायजे होतं. मी रीडिंग घेतो वं, बिल नाई बनवत."

काका माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले. टॉर्चशी चाळा करत होते, चालू, बंद, चालू.

"आधी मी नाव नाई सांगत होतो," ते म्हणाले. "नोकरीले नवा होतो. एका घरी पाणी पेलो, मंग त्या बाईनं नाव विचारलं. मी सांगतलं. तिनं माया समोर पेला नालीत फेकला. चांगला काचेचा होता, फुलाफुलाचा. तवापासून आधी नाव सांगतो. त्यायचा पेला वाचते." आणि ते हसले. त्यांना खरंच हसू येत होतं. मला नाही आलं. मग म्हणाले, "माया बापानं छप्पन साली इथंच दीक्षा घेतली. धर्म नवा झाला. आडनाव जुनंच राहिलं ना बाप्पा."

मी त्या पूर्ण नावाची नक्कल केली होती. चहाच्या वेळी, सगळ्यांना हसवायला. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि आता सांगता येणार नाही.

मी ते घर सोडायचं ठरवलं. दादाच्या गजराला महिना उरला होता. "तुमच्या गल्लीत खोली आहे का?" असं काकांना विचारलं तर त्यांनी मला नीट न्याहाळलं. "ये ना. पण पसंत करून येऊन राहिली का पळून, ते पाह आधी. पळून येशील तर महिन्यात कंटाळशील." पुन्हा सोबत फिरायलाही त्यांनी नकार दिला. मी पाहण्याऐवजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहीन म्हणाले. मला एकटीलाच जायला सांगितलं.

गेले. शीट न घेता. भर दुपारी, एक ते तीन, पर्समध्ये कांदा. दार उघडलं की दोन पावलं मागे सरायचं आणि सांगायचं, "माझ्याकडे उत्तम सीताराम रामटेके नावाचे काका येत-जात राहतील. घरात येतील, चहा-पाणी घेतील. चालेल ना? आणि पाणी मिळेल का?"

माझा विश्वासार्ह चेहरा पहिल्याच दिवशी निकालात निघाला. जे चेहरे माझ्या आडनावाने सैल व्हायचे ते या आडनावाने घट्ट व्हायला लागले. एक जण म्हणाले, आमचं काही नाही हो, पण बाकीचे राहणारे. एक बाई म्हणाल्या, ऑफिसची माणसं ऑफिसातच भेटलेली बरी. एकाने खोली कालच गेल्याचं सांगितलं, आणि 'भाड्याने देणे आहे' ही पाटी त्यांच्या डोक्यावर लटकत होती. कुणी वाईट बोललं नाही. सगळे हसून नाही म्हणाले. एका आठवड्यात सात घरं झाली, आणि सात दुपारी मी चांगलीच तहानलेली परत आले. काकांनी एकतीस वर्षं काय वाचलं असेल त्याचा मला अंदाज आला असं म्हणणार नाही. मला फक्त सात घरांचा अनुभव होता, आणि आठव्या दारात माझं स्वतःचं आडनाव सांगायची सोय माझ्याकडे कायम होती.

आठवं दार गिरजाबाईंचं होतं. तीन गुणांचं.

मशीन चालूच होतं. मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी पायाने मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"तेच ना, मागं आलते ते? मीटरवाले?"

"हो."

"रोज येतील का कवा-कवा?"

"कधीकधी."

"बायको आहे त्यायले?"

"आहे."

"मंग तिले पण आणत जा म्हणा. एकटे काहून येतात? साखर चालते का त्यायले चहात? का डायबिटीस हाये?"

मला विचारलेल्या प्रश्नांत भर पडत चालली होती. "चालते," मी म्हणाले आणि तिथेच, फॉलच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसून मला रडू आलं.

"अवं, रडते काहून?" गिरजाबाई घाबरल्या. "ऊन लागलं का? थांब, पाणी देते." त्यांनी तोच पितळी पेला भरून दिला. या वेळी मी तोंड लावून प्यायले.

दादाच्या मोबाईलमध्ये गजर वाजला त्या दिवशी मी त्याला जिन्याचा फोटो पाठवला. जिना इतका अरुंद की माझी बॅग आडवी करून वर न्यावी लागली. दादाने लिहिलं, हे काय निवडलंस? मी लिहिलं, सायकल ठेव माझ्या खोलीत.

काका आले त्या रविवारी. पावसाने आठवडाभर दडी मारली होती आणि पुन्हा उन्हाळ्यासारखं ऊन पडलं होतं. या वेळी पंक्चर नाही, पेपर नाही. गल्लीतून स्कूटरचा आवाज आला आणि मी वरच्या खिडकीतून पाहिलं. त्यांनी सवयीप्रमाणे आधी जिन्याखाली वाकून मीटर पाहिलं. गिरजाबाईंनी मशीनमागून प्रश्न सुरू केले. मला वरून सगळं ऐकू येत होतं. पेन्शन किती, गुडघे दुखतात का, नात कितवीत आहे, बायकोले काहून नाही आणलं. काका टॉर्च मीटरवर धरून एकेकाचं उत्तर देत होते. इतका वेळ लागला की माझा चहा दोनदा उकळला.

मग ते जिना चढून वर आले. दारात उभे राहिले, डोक्याचा दुपट्टा सोडला. मी वाट पाहत होते. ओठांवर ते तीन शब्द येणार हे मला इतकं पाठ होतं की मीही मनातल्या मनात ते म्हणायला लागले होते.

काकांनी दाराशी चपला काढल्या आणि खोलीत नजर फिरवली. इंडक्शनची शेगडी, दोन बॅगा, खिडकी. मग एकुलत्या एक खुर्चीत बसले, पाय लांब केले.

"पाणी दे वं," म्हणाले. "लय ऊन हाये."

एवढंच. नाव सांगितलं नाही.

त्यानंतर ते पुष्कळदा आले, काकूंना घेऊनही आले. पण त्यांची आठवण आली की मला ते तसेच दिसतात, खुर्चीत पाय लांब करून बसलेले, मांडीवर दुपट्टा, टॉर्च खिशात, आणि मी पेला भरायला धावत असलेली. माझ्या घरात तेव्हा पेला एकच होता. त्यांनी तो तोंडाला लावून रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला. मी तो न धुता पुन्हा भरला आणि प्यायले.